जावयाचं चुंबक

तळं आटलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना प्यायच्या पाण्याची चिंता पडली आणि धागेवालीला कढईतल्या पाण्याची.

प्यायची सोय लवकर झाली. सलग दोन वर्षं पाऊस रुसलेला, म्हणून गल्लीच्या तोंडाशी बोअर घेतली, उंच ओट्यावर टाकी चढवली आणि घराघरांत नळ आला. पाणी गार होतं, दिसायला नितळ होतं. जिभेला मात्र जड लागायचं. घागरीत ठेवलं की वर पांढरी साय धरायची. साबण लावला तर फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे कण निघायचे. पावसाळा येईल-न येईल तोवर बायकांचे केस काथ्यासारखे झाले. पण तहान भागत होती, म्हणून कुणी फारशी कुरकुर केली नाही.

धागेवाली रेशमाचा धागा काढायची. सासूच्या हाताखाली शिकली आणि सासू गेल्यावर तिच्याच पाटावर बसली. घरामागच्या पडवीत मातीची चूल, चुलीवर पसरट तांब्याची कढई, शेजारी पायाने फिरवायचा लाकडी रहाट. कढईतल्या कढत पाण्यात कोष सोडायचे आणि आखूड केरसुणीने हलक्या हाताने ढवळायचे. कोषाचा डिंक सुटला की त्याचं टोक केरसुणीला लागून वर येतं. अशी सात-आठ टोकं जुळवून एका बारीक भोकातून ओवायची आणि रहाटावर चढवायची. पाय रहाट फिरवतो, हात पाण्यात असतात. एक कोष संपला की त्याच्या जागी दुसऱ्याचं टोक लावायचं, धागा कुठे जाड कुठे बारीक होऊ द्यायचा नाही. अधूनमधून बोटं बाजूच्या गार पाण्याच्या वाडग्यात बुडवायची. तरी तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची, आणि अंगाला शिजलेल्या किड्यांचा वास. लहानपणी लेक म्हणायची, "आई, तू अंधारातसुद्धा सापडतेस."

चूल तिचा नवरा सांभाळायचा. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची. गुडघे गेले होते, पण जाळाचा अंदाज गेला नव्हता.

बोअरच्या पाण्यात कोषांचा डिंक सुटेना. जास्त शिजवले तर लगदा व्हायचा, कमी शिजवले तर ओढताना धागा तुटायचा. तुटला की रहाट थांबवा, टोक शोधा, गाठ मारा, पुन्हा पाय हलवा. कढईला आतून पांढरा दगडी थर चढायचा तो वेगळाच. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडायच्या आणि हातात जेमतेम एक लड यायची, तीही गाठींनी भरलेली.

ती लड घेऊन ती विणकरबाईंकडे गेली. विणकरबाईंचे चार माग होते आणि त्यांच्या कापडाला लांबून गिऱ्हाईक यायचं. त्यांनी लड सोडली, धाग्याचा एक पदर ओठांत धरला आणि हळूहळू ओढत नेला. बोटांना चुकणारी गाठ ओठांना चुकत नाही. त्यांनी तोंडातून धागा काढला, पदराने ओठ पुसले.

"ही बाण्याला घेते," त्या म्हणाल्या.

धागेवालीला वाटलं, भर बाजारात कुणी आपली पिशवी उपडी केली. कापडात उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा मागावर ताणून बसतो, सगळा भार तो सोसतो. तिथे लागतो तो पहिल्या प्रतीचा धागा. आडव्यात काय, कसलाही खपतो. तिच्या सासूपासून आजवर या घरातला धागा बाण्याला गेला नव्हता.

"बाई, पाणी बदललंय."

"मला ठाऊक आहे. मी तेच पाणी पिते. पण माझ्या मागाला कारण सांगून चालत नाही गं. ताणा तुटला की सगळा माग उभा राहतो." त्यांनी लड बाण्याच्या टोपलीत टाकली. "दोन-तीन लडी बघते. जमलं तर ठीक. नाहीतर खालच्या गावच्या पोरींना सांगावं लागेल. त्यांची विहीर अजून जिवंत आहे."

टोपलीत आपली लड इतरांच्या लडींत पडलेली बघत धागेवाली क्षणभर उभी राहिली. मग घरी आली आणि चुलीपाशी पाय पसरून बसली. तोंड बघून अण्णांना कळलं.

त्याच आठवड्यात जावई आला.

जावई मोटारी भरायचा. पंपांच्या जळलेल्या मोटारींत नव्याने तांब्याची तार गुंडाळून त्या पुन्हा चालू करण्यात त्याचा हात बसला होता. पण विहिरींत पाणीच नाही तर पंप कोण चालवणार आणि जाळणार कोण? दुकान आपोआप बंद पडलं. लेकीने मधे एकदा येऊन सांगितलं होतं, "दिवसभर घरात बसतात आई, आणि माझ्या भाकरी थापण्यातसुद्धा चुका काढतात." एवढंच बोलली आणि हसली, पण ते हसणं धागेवालीच्या मनातून जाईना.

आता तो आला तो तरतरीत चेहऱ्याने, हातात जड पिशवी घेऊन. ओटीवर बसला, पाणी प्यायला, पेला उजेडात धरला.

"मामी, हे पाणी तुम्ही कढईत घालता?"

"दुसरं कुठून आणू, बापू?"

"बदलायला नको. सुधारायचं." त्याने पिशवीतून दोन काळे ठोकळे काढले. ते एकमेकांकडे असे झेपावले की त्याचं बोट चिमटलं. "चुंबक. नळाला दोन बाजूंनी बांधायचं. यांच्या मधून पाणी गेलं की त्यातल्या क्षारांची चाल बदलते. मग ते भांड्याला धरत नाहीत, पाण्याबरोबर निघून जातात. पाणी मऊ लागतं. शहरात जाऊन शिकून आलोय."

"म्हणजे पाण्याला ओढतं?" अण्णांनी विचारलं.

"पाण्याला नाही मामा, पाण्यातल्या क्षारांना वळण लावतं."

"बरंय. इथे माणसांना वळण लावता लावता आमचं आयुष्य गेलं."

जावई हसला. त्याला अण्णांची थट्टा लागायची नाही. त्याने एक खिळा चुंबकाला चिकटवून दाखवला, त्या खिळ्याला दुसरा. "मोटारीत सगळं काम चुंबकच करतं. तारेतून वीज जाते, चुंबक तिला फिरवतं, पंप फिरतो. एवढं लोखंड फिरवणारी गोष्ट पाण्यातल्या कणाला हलवणार नाही?"

अण्णांनी खिळे बघितले, मग बायकोकडे बघितलं. धागेवाली पदराला हात पुसत उभी होती. तिला चुंबकातलं काही कळत नव्हतं. तिला जावयाचा चेहरा कळत होता. दुकान बंद पडल्यापासून हा माणूस मान वर करून बोलताना तिने पहिल्यांदा बघितला.

"बांधा की," ती म्हणाली. "आमच्यापासूनच सुरुवात करा."

त्याने पडवीतल्या नळाला ठोकळे बांधले, वर पट्टी आवळली, दोनदा सोडून पुन्हा बांधली. "दोन-चार दिवस लागतात," तो म्हणाला. "मी येत राहीन."

चार दिवस गेले. धागा तुटत होता तसाच तुटत होता. जावई पाचव्या दिवशी सकाळी आला, कढईत वाकून बघू लागला, आणि नेमका तेव्हाच धागा तुटला. धागेवालीने गाठ मारली. पुन्हा तुटला. जावयाने नळाची पट्टी सोडली, ठोकळ्यांच्या बाजू उलटसुलट केल्या, पुन्हा आवळली. उठताना त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाजू चुकली असेल," तो म्हणाला. "उद्या येतो."

तो गेल्यावर धागेवाली दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. सायकलवरची त्याची पाठ वाकलेली दिसत होती.

त्याच दुपारी किराणाच्या दुकानात तिच्या पुढे खाणीवर दगड फोडणाऱ्याची बायको उभी होती. डोक्यावरचा पदर घसरला आणि धागेवालीची नजर तिच्या केसांवर गेली. अंगभर दगडाची भुकटी, पण केस मऊ, झुळझुळीत. सगळ्या गावात बायकांची डोकी झाडूसारखी झालेली असताना हिचे केस असे कसे?

"न्हायला पाणी कुठलं गं तुला?"

"आम्हाला कोण नळ देतंय, मावशी? खाणीतलंच. जुन्या कपारीत मागल्या पावसाचं साठलंय थोडं. ऊन लागत नाही तिथे, म्हणून टिकलंय."

"साबणाला फेस येतो?"

"येतो म्हणजे! धुऊन धुऊन जात नाही."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत धागेवाली दोन घागरी घेऊन निघाली. खाण गावाबाहेर, चढावर. कपारीत उतरायला दगडात पावलापुरत्या खाचा होत्या. पाणी काळं दिसत होतं पण ओंजळीत घेतलं तर स्वच्छ. तिने चवीला घोटभर घेतलं. जिभेवर काही उरलं नाही. घागरी भरून ती डोक्यावर एक, कमरेवर एक अशी उतरली. घरी अण्णा अजून झोपले होते. कढईतलं नळाचं पाणी तिने मोरीत ओतलं आणि खाणीचं घातलं.

कोष सोडले, केरसुणी फिरवली, आणि टोकं अशी वर आली जशी हाक मारल्यावर लेकरं येतात. पाय रहाटावर पडला. सूर्य कौलांवर येईपर्यंत तिने रहाट थांबवला नाही.

जावई आला तेव्हा लडीवर प्रकाश पडला होता. तो पडवीच्या उंबऱ्यात थबकला.

"तुटला नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बापू." एवढं खरं होतं. पुढचं तिने बोलायला हवं होतं, तिच्या ओठांवर आलंही होतं. पण जावयाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली आणि एखाद्या पोरासारखा मोठ्याने हसला. धागेवालीने नजर कढईत घातली.

इकडे अण्णांचं वेगळंच चाललं होतं. चुंबक बांधल्यापासून कढईला थर धरेना असं जावयाला वाटत होतं, कारण येईल तेव्हा तो कढईच्या बुडाला बोट लावून बघायचा आणि बुड तांब्यासारखं लालसर दिसायचं. त्यामागे चुंबक नव्हतं. खाणीच्या दोन घागरी सकाळच्या धाग्यालाच संपायच्या; मग त्याच कढईत भांड्यांसाठी नळाचं पाणी तापायचं आणि थर सोडून जायचं. धागेवाली दुपारी पाठ टेकायला आत गेली की अण्णा लिंबाची सालं आणि राख घेऊन कढईपाशी बसायचे आणि गुडघे दुखेपर्यंत घासायचे. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जावयाला फसवू नका. म्हणून सांगितलं नाही. तिनेही त्यांना खाणीचं सांगितलं नाही. ते म्हणाले असते, या वयात कपारीत उतरतेस, पाय घसरला तर?

गंमत अशी की दोघांनाही हळूहळू वाटू लागलं, चुंबकात थोडंफार काहीतरी असावं. धागेवाली मनात म्हणे, धाग्याचं ठीक, ते मी करते, पण कढई मी घासत नाही तरी स्वच्छ राहते, म्हणजे थर तरी धरत नाही खरा. अण्णा मनात म्हणत, कढईचं मी करतो, पण धागा तर खरंच सुधारलाय. पोरगं अगदीच हवेत बोलत नव्हतं.

पुढची लड विणकरबाईंनी ओठांतून ओढली आणि ताण्याच्या टोपलीत ठेवली. त्याच्या पुढचीही. तिसऱ्या लडीला त्यांनी विचारलं, "काय केलंस?"

"जावयाने नळाला चुंबक बसवलंय," धागेवाली म्हणाली.

"पाठव त्याला माझ्याकडे."

"बाई, मी म्हणते, जरा थांबून—"

"मी माणसाच्या बोलण्यावर जात नाही, धाग्यावर जाते. धागा समोर आहे. पाठव."

मग काय, जावयाला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. गल्लीतल्या आणखी तीन घरांत त्याने चुंबकं बांधली. विणकरबाईंच्या रंगशाळेच्या, म्हणजे धागा रंगवायच्या खोलीच्या, नळाला सगळ्यांत मोठं. लेक माहेरी आली ती नवी चप्पल घालून, आणि या वेळी तिचं हसणं पोटातून आलेलं होतं. "आई, आता भाकरीबद्दल एक शब्द बोलत नाहीत. कच्ची असली तरी खातात." धागेवाली तिच्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घागरी उचलून निघाली. कपारीतलं पाणी खाली जात होतं. आता शेवटच्या खाचेवर पाय ठेवून, एक हात दगडाला धरून, वाकून बुडवावं लागायचं. पाठीत लचक भरली तेव्हा तिने अण्णांना सांगितलं, झोपताना मान अवघडली.

विणकरबाई एका गोष्टीची वाट बघत होत्या. रंगशाळेमागे त्यांची एक सिमेंटची टाकी होती. छपरावरचं पावसाचं पाणी तीत साठवून त्या रंगाला वापरायच्या, अगदी जपून, वाटीने मोजल्यासारखं. टाकीला जुनी भेग होती आणि पाणी असताना ती बुजवता येत नव्हती. आता चुंबक आहे म्हटल्यावर त्यांनी टाकी रिकामी केली, उरलंसुरलं पाणी झाडांना घातलं आणि गवंड्याला बोलावलं. आणि लांबच्या एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी लाल रंगाचं पातेलं नळाच्या पाण्याने चढवलं.

दुपार कलली होती. धागेवाली कोष निवडत बसली होती, जावई ओटीवर अण्णांशी गप्पा मारत होता. विणकरबाई पुढच्या दाराने न येता सरळ पडवीत आल्या. हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी खांद्यावरची लड काढून धागेवालीच्या पुढ्यात टाकली. ती लाल नव्हती. कुठे लाल, कुठे गुलाबी, कुठे विटकरी ठिपके, गोवर उठल्यासारखी.

"बघ," त्या म्हणाल्या. "हा तुझाच धागा. मी स्वतः रंगवला. पंचवीस वर्षांत माझ्या हातचा रंग असा फुटला नाही."

आवाज ऐकून जावई आत आला. लड बघितली. "पट्टी सैल झाली असेल," तो म्हणाला. "किंवा पाइप जाड आहे, त्याला दोन लागतील. मी आत्ता येतो, बाई. आत्ता."

"तुझं चुंबक मी सकाळपासून दोनदा आवळलंय. मला एवढंच सांग, हिच्याकडे चालतं तर माझ्याकडे का नाही?"

जावई धागेवालीकडे बघू लागला. तिच्याकडेच पुरावा होता. बाईंनाही तिच्याकडूनच उत्तर हवं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला कळत होतं की आता एकच वाक्य बोलायचं, 'बाईंनी नीट आवळलं नसेल', की जावयाची मान राहील, लेकीचं हसणं राहील. आणि बाई उद्या आणखी एक पातेलं चढवतील.

ती उठली. कढईतलं पाणी तिने मोरीत ओतलं. रिकामी कढई चुलीवर ठेवली आणि नळ सोडला. चुंबकातून पाणी धो धो कढईत पडलं.

"अहो, जाळ घाला," ती अण्णांना म्हणाली.

अण्णांनी जाळ घातला. पाण्याला आधण यायला लागलं तशी तिने कोष सोडले, नेहमीचेच, त्याच पोत्यातले. केरसुणी फिरवली. कोष पाण्यात गोल गोल फिरत राहिले. टोकं वर येईनात. तिने आणखी शिजू दिले, मग बोटांनी चिमटून सात टोकं काढली, ओवली, पाय रहाटावर ठेवला. दोन फेरे झाले आणि धागा तुटला. तिने गाठ मारली. तीन फेरे, तुटला. गाठ. तुटला. ती थांबली नाही. तुटेल तसा जोडत राहिली, आणि प्रत्येक वेळी रहाट थांबला की पडवीत चुलीचा तडतडाट तेवढा ऐकू यायचा.

"बस झालं," विणकरबाई म्हणाल्या.

धागेवालीने हात वाडग्यात बुडवले. "मी खाणीतल्या कपारीतून पाणी आणते," ती वाडग्याकडे बघत म्हणाली. "पहिल्या चांगल्या लडीपासून. तुम्हाला सांगायला हवं होतं. थांबा म्हणाले, पण का ते नाही सांगितलं."

"कपारीतून?" अण्णा ओरडले. "त्या खाचांवरून? म्हणजे मान अवघडली होती ती—"

"तुम्ही ओरडू नका."

"कसा ओरडू नको! आणि मला वाटत होतं की चुंबकाने—" अण्णा मधेच थांबले. "मग कढई? कढई तर मी घासत होतो."

"तुम्ही?"

"लिंबाच्या सालांनी. रोज." त्यांनी जावयाकडे चोरून बघितलं. "थर धरायचा म्हणून. पोरगं येऊन बोट लावायचं, त्याला बरं वाटावं म्हणून."

विणकरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांच्या तोंडावर राग होता, पण त्याच्या कडेने काहीतरी दुसरं फुटू पाहत होतं. "शाबास," त्या म्हणाल्या. "एकाने धागा सांभाळला, एकाने कढई, आणि नाव झालं लोखंडाचं."

जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. तो कुणावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो नळापाशी गेला आणि पट्टी सोडू लागला. नख तुटलं तरी थांबला नाही. ठोकळे हातात घेऊन म्हणाला, "मला कुणीच का सांगितलं नाही?"

धागेवालीला उत्तर येत होतं. तू हसलास म्हणून. पण ते बाईंच्या समोर बोलण्यासारखं नव्हतं.

"माझ्या नळाचंही काढून ने," विणकरबाई त्याला म्हणाल्या. "आणि गल्लीतली तिन्हीही. स्वतः जा, स्वतः सांग. कुणाच्या तोंडून ऐकायची वेळ आणू नकोस." मग त्या धागेवालीकडे वळल्या. "आणि तू. धागा तुझा मी ओळखते. ताण्याला दुसरा कुणाचा मला चालणार नाही, हे तुला माहीत होतं म्हणूनच तुला खोटं बोलायचं धाडस झालं."

"तसं नाही, बाई."

"तसंच आहे. आता ऐक. ताण्याचा धागा तू माझ्या अंगणात काढायचास. माझ्या डोळ्यांसमोर. कढई आण, रहाट आण. कुठलं पाणी घालतेस ते मला दिसलं पाहिजे. तुझ्या पडवीतून आलेली लड मी ओठाला लावणार नाही."

दुसऱ्याच्या अंगणात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, राखणीत ठेवल्यासारखं. तिच्या सासूने ऐकलं असतं तर रहाट चुलीत घातला असता. धागेवालीने ओला हात पदराला पुसला.

"येते," ती म्हणाली.

जावई संध्याकाळपर्यंत घरोघर हिंडला. एका घरात त्याला शिव्या बसल्या. दुसऱ्या घरात पाणी प्यायला दिलं आणि मग शिव्या दिल्या. तिसऱ्या घरातल्या बाईने चुंबक काढूच दिलं नाही. म्हणाली, "राहू द्या हो, आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला आराम आहे त्याने." तो परत आला तेव्हा पिशवीने त्याचा एक खांदा खाली आला होता. जेवला नाही. ओटीवर पिशवीशेजारीच आडवा झाला.

पहाटे धागेवाली उठली, घागरींकडे गेली तर जागेवर घागरी नव्हत्या. दार उघडं होतं.

ती वाटेला लागली. चढाच्या अर्ध्यात ती पोचली तेव्हा तो समोरून उतरत होता. एक घागर खांद्यावर, दुसरी हातात लटकवलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. पाणी वाहायची त्याला सवय नव्हती. खांद्यावरच्या घागरीतून दर पावलाला पाणी उसळून त्याच्या मानेवरून आत जात होतं. कामाला निघालेले दगडफोडे त्याच्या बाजूने चढत होते. एकाने हटकलंच, "काय हो पाहुणे, सासुरवाडीला पाणी भरता?"

"भरतो," जावई म्हणाला. "माझ्यासाठी इतके दिवस कुणी भरलं, ते काल कळलं."

दगडफोड्याला काही कळलं नाही. तो हसून पुढे गेला.

धागेवाली रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला वाटलं, आता काहीतरी बोलावं लागणार. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी नेहमी जपून, पाटावर बसवून बोलत आली होती. अहो बापू, बसा बापू, तुम्ही म्हणाल तसं. काय बोलावं ते मनात जुळवत असतानाच त्याचा पाय सुट्या दगडावर पडला, तो हेलकावला आणि खांद्यावरची घागर कलंडून गळाभर पाणी धुळीत गेलं.

"अरे!" ती ओरडली. "अरे, डोळे कुठे आहेत तुझे? अर्धी घागर सांडलीस! हातातली कमरेवर घे आधी. असं नाही. असं! आणि पाय टाकताना टाच टेक, चवडा नको. खाणीत उरलंय किती, आणि हा मेला रस्त्याला पाजतोय!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर पदर धरला.

जावई वाटेत उभा होता. मानेवरून पाणी गळत होतं. त्याने हातातली घागर उचलून कमरेवर घेतली, तिने दाखवलं तशी.

"अशी?" त्याने विचारलं.

"थोडी मागे," धागेवाली म्हणाली. "आणि चल आता. बाई वाट बघत असतील."